फ्रान्सप्पांचा रस्ता

गुरुसिद्धप्पा खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. ते बसत, पण सायकलवर. सकाळी आमच्या ओट्याला सायकल लावायची, डावा पाय ओट्यावर टेकवायचा, उजवा पायडलवर ठेवायचा आणि तसंच सीटवरून बशीतला चहा भुरकायचा. "वर या की अप्पा, पाट टाकलाय," असं माझी बायको सुरुवातीला म्हणत असे. मग एक दिवस तिनं पाट उचलून फळीवर ठेवला तो ठेवलाच. ओट्याच्या त्या कडेचा गिलावा त्यांच्या टाचेनं उडाला होता. दर दिवाळीला मी तिथं चुना लावी, आणि पाडव्याच्या आत तो त्यांच्या वहाणेला चिकटून होटगीच्या वाटेला लागे.

दाढीसुद्धा ते सायकलवरच करून घेत. भिंतीला सायकल टेकलेली, अप्पा सीटवर, आणि समोर वस्तरा घेऊन आमच्या पेठेतला न्हावी. अप्पांचा उजवा पाय पायडल उलटं फिरवीत असायचा. न्हावी काकुळतीला येऊन म्हणायचा, "अप्पा, पाय थांबवा. एका अंगाची मिशी गेली तर माझं नाव घ्यायचं न्हाय." अप्पा म्हणायचे, "तू कर की बाबा. म्या कुटं तुझा हात धरलाय?"

असा हा माणूस. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारच्याच घरात ते आणि त्यांची बायको नीलव्वा राहत. पोरबाळ नव्हतं. अप्पा गिरणीत विणकामखात्यात जॉबर होते, म्हणजे मागांच्या रांगांमधून दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आणि तुटलेल्या धाग्यावर नि चुकलेल्या माणसावर ओरडायचं. देवानं माणसाच्या स्वभावाला शोभेल असं काम दिल्याची उदाहरणं जगात थोडी असतात; त्यांतलं हे एक. संध्याकाळी भोंगा झाला की बाकीचे कामगार घराकडे पाय ओढीत जात, आणि अप्पा सायकल काढून गावाबाहेर सुटत.

पेठेत त्यांना गुरुसिद्धप्पा म्हणणारा मी आणि नीलव्वा. म्हणजे खरं तर मी, शाळामास्तर, एकटाच; कारण नीलव्वा नवऱ्याचं नाव घेत नसे. बाकी सगळ्यांचे ते फ्रान्सप्पा. पहिल्या महायुद्धात मजूर म्हणून भरती होऊन ते फ्रान्सला गेले होते. लढायला नव्हे, लाकडं तोडायला. तिथल्या डोंगराळ मुलखात त्यांची छावणी होती आणि तिथंच ते सायकल शिकले. परत येऊन दहा-बारा वर्षं उलटली तरी तिकडचे दोन-चार शब्द त्यांच्या जिभेवरून उतरले नव्हते. सायकलला ते 'व्हेलो' म्हणत. कुणी सायकल म्हटलं तर दुरुस्त करीत. आणि 'हळू' या अर्थाचा त्यांचा शब्द होता 'दूसमाँ'.

या दूसमाँनं एकदा गोंधळ उडवला. मंगळवार बाजारात मोठी गर्दी होती आणि एक बैल बुजून त्यांच्या सायकलच्या अंगावर येत होता. अप्पा हात वर करून ओरडले, "दूसमाँ! दूसमाँ!" दिवस चळवळीचे. पोलीस आधीच बावरलेले. एक शिपाई काठी परजत धावत आला, "किदर है दुश्मन?" त्याच वेळी एक कांदेवाला बैलाला भिऊन पळत होता. शिपायानं त्यालाच धरलं. कांदेवाला रडकुंडीला आला, बैल आपोआप शांत झाला आणि अप्पा शिपायाला समजावीत राहिले, "हळू म्हन्लो वो, हळू! फ्रान्सात हळूला दूसमाँ म्हनतात." शिपाई म्हणाला, "फिर फ्रान्स में जा के चिल्लाव." तो बिचारा काही चुकीचं बोलला नाही.

फ्रान्समध्ये अप्पांनी पाहिलं असेल पुष्कळ. पण तोफा, गोरे साहेब, बर्फ, मडमा यांतलं काही विचारलं तरी ते सांगत नसत. सांगायचे ते फक्त एका रस्त्याबद्दल. तो रस्ता आमच्या पेठेत लहानथोरांना पाढ्यासारखा पाठ होता.

"गावातनं भाईर पडलं की दगडी पूल. पुलाखाली पानी, बारा म्हैने. पूल वलांडला की डाव्या अंगाला चढ. चढ मोठा न्हाय, पन लांब. दोनी बाजूला अक्रोडाची झाडं. मग एक गोठा, गोठ्यात पांढऱ्या गाई. मग उतार. उतारावर पाय सोडायचे की वो मास्तर, व्हेलो आपली आपन जाती! मग परत चढ, चढावर वळन, वळनावर दगडी भिंत आनि एक मोठं झाड."

"आणि माणसं?" मी एकदा विचारलं.

"मानसं न्हाईत. तीच तर मजा की. मोठ्या रस्त्यानं समदी लष्कराची वाहनं. ह्यो रस्ता कुनाला ठावंच नव्हता."

"गावाचं नाव काय?"

"सँ कायतरी. तिकडं निम्म्या गावांची नावं सँनंच सुरू व्हतात. सँ म्हंजे संत. आपल्याकडं दर वेशीला मारुती, तसा तिकडं दर वेशीला एक संत."

न्हाव्यानं विचारलं होतं, "अक्रोड म्हंजे कसलं झाड, अप्पा?" त्यावर अप्पा थोडा विचार करून म्हणाले होते, "आंब्यावानी झाड. पन फळात मेंदू असतो."

हा रस्ता ते कुठंही सांगत. दुकानात, नळावर, गिरणीच्या फाटकाशी. एकदा आमच्या गल्लीतल्या तेलुगू विणकराकडे लग्न होतं. अप्पांनी वरबापाला मांडवाच्या खांबाशी गाठून पूल, चढ, गोठा, उतार सगळं सांगितलं. वरबापाला मराठी येत नव्हतं. अप्पांचा गंभीर चेहरा, कपाळावरची विभूती आणि एका लयीत चाललेलं बोलणं बघून त्याला वाटलं, हा काही मंत्र आहे. तो हात जोडून डोळे मिटून उभा राहिला आणि शेवटी त्यानं अप्पांना विडा देऊन वाकून नमस्कार केला. अप्पांनी विडा घेतला आणि म्हणाले, "बगा, समजनारा मानूस भेटला की कसं बरं वाटतं."

आता आमचं सोलापूर म्हणजे परातीसारखं सपाट. डोंगर बघायचा तर कॅलेंडरवर. पण अप्पांना इथंही चढ दिसत. तळ्यापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता चढाचा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. विजापूर वेशीशी 'घाटमाथा' होता. तिथं आल्यावर ते सायकलवरून एक पाय खाली टेकवून, टोपी काढून वारा घेत आणि पुढे 'उतारा'ला लागत. आम्ही हसत असू. पण त्यांनी हे सांगितल्यापासून स्टेशनाकडे जाताना मला खरोखरच धाप लागू लागली, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही.

रविवारी गिरणी बंद असे. त्या दिवशी अप्पा भाकरीचं फडकं हँडलला बांधून पहाटेच निघत आणि अंधार पडता पडता धुळीनं माखून परत येत. कुठं गेला होता म्हणून विचारलं की उत्तर एकाच छापाचं.

"सांगोल्याकडं गेलतो. समदा उजाड. सावली म्हनून न्हाय."

"दुधनीकडं गेलतो. झाडं झ्याक हायत, पन जमीन सपाट."

"बार्शीकडं एक बरा चढ गावलाय. पन धान्याच्या गाड्या किती वो! रस्ता कसला, बाजार हाय."

हा मनुष्य आपल्या मुलखात फ्रान्स शोधतो आहे, एवढं सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. जिथं जातील तिथं त्यांच्यामुळे खळबळ उडायची. सायकलवरून उतरायचं, वळणावर उभं राहून झाडाकडे टक लावून बघायचं, मग मागे जाऊन पुन्हा चढून यायचं, असं माणूस करू लागला तर खेड्यातल्या लोकांनी काय समजावं? सांगोल्याच्या बाजूला त्यांना लोकांनी कालव्याची मोजणी करणारा अंमलदार समजून दूध-भाकरी खायला घातली आणि कालवा आमच्या बांधावरून न्या म्हणून पाय धरले. दुधनीला उलट झालं. एका चिंचेच्या झाडाभोवती ते फिरत होते, तेव्हा झाडाची मालकीण काठी घेऊन आली आणि कानडीत कडाकडा बोलू लागली. तिला वाटलं, हा लाकडाचा व्यापारी. अप्पांना कानडी घरचीच. त्यांनी तिला समजावलं की झाड तोडायचं नाही, नुसतं बघायचं आहे. त्यावर म्हातारीला जास्तच संशय आला. "झाड नुसतं बघायला पंधरा-वीस कोस कोण येतो?" ती म्हणाली, आणि ते गावाबाहेर जाईपर्यंत काठी टेकीत मागून चालत आली.

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी मात्र अप्पांची ही चुळबूळ हाताबाहेर गेली. पूर्वी लांबची फेरी रविवारचीच असे, आता आठवड्यातून दोन-तीनदा संध्याकाळीही ते लांब जाऊन रात्री उशिरा परतू लागले. चहा अर्धा टाकून उठू लागले. बोलता बोलता मध्येच गप्प होत, आकाशाकडे बघत आणि म्हणत, "पाऊस संपला की परत समदं वाळून जाईल, मास्तर. लवकर गावाया पायजे." काय सापडायला पाहिजे, ते विचारायला तोंड उघडावं तोवर सायकल गल्लीच्या टोकाला गेलेली असे. गालफडं बसली होती. न्हावी म्हणाला, "आता वस्तरा फिरवायला जागाच उरली न्हाय, नुसती हाडं."

आणि मग एके दुपारी नीलव्वा आमच्या घरी आली. ती बाई एरवी मोठी खमकी. नवऱ्याच्या वेडाला ती हसून नेत असे. "आमच्या घरात दोनच मानसं, एक म्या आनि एक व्हेलो," असं म्हणायची. पण त्या दिवशी ती दारातच उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, "मास्तर, तुमी शाळा शिकवताव. खरं सांगा, फ्रान्स तुळजापूरच्या वाटंवर हाय का?"

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते आतच राहिलं.

"नाही, नीलव्वा. पुष्कळ लांब आहे. समुद्रापलीकडे."

"मग हे सारखं तिकडंच का जातेत? पयलं चारी दिशेला जायचे, तवा मला काळजी न्हवती. आता एकच वाट धरल्यात. मागच्या म्हैन्यात लुगडं घेतलं. माझ्यासाठी असंल म्हनून म्या गप बसले. तर ते सायकलीला बांधून घेऊन गेले की वो! आनि मिश्रीची डबी. म्या कुटं मिश्री लावते?" तिनं पदर तोंडाला लावला. "देवानं पोर दिलं न्हाय, त्याला म्या काय करू? दुसरं घर केलं असंल तर करू देत. पन मला सांगून तर करावं."

माझी बायको तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिथून माझ्याकडे अशी बघू लागली, की जणू लुगडं मीच पोचवलं आहे. "तुम्ही विचारा त्यांना," ती म्हणाली. "आजच्या आज."

असल्या गोष्टी विचारायच्या कशा? संध्याकाळभर मी ओट्यावर शब्द जुळवीत बसलो. अप्पा आले, नेहमीप्रमाणे पाय टेकवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मास्तर, येत्या रविवारी तुमी माझ्याबरोबर यायचं. तुळजापूरच्या बाजूला. न्हाय म्हनू नका. तुमचं वजन पायजे."

"वजन?"

"व्हय. तुमच्या शब्दाला वजन असंल ते असू दे. मला अंगाचं पायजे."

मी अंगानं भरलेला आहे हे मला ठाऊक होतं. पण त्याला कधीकाळी मागणी येईल असं वाटलं नव्हतं.

रविवारी पहाटे मी भाड्याच्या दुकानातून सायकल आणली. दुकानदारानं माझ्याकडे एकदा, सायकलकडे एकदा बघितलं आणि आतून दुसरी, जाड नळ्यांची काढून दिली. गावाची वेस ओलांडेपर्यंत मी दोनदा पडलो. अप्पा मागे येत, मला उचलत, माझी सायकल उचलत आणि काही न बोलता पुढे होत. हसले नाहीत. त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटू लागली.

थोडा वेळ आम्ही तुळजापूरच्या सडकेनं गेलो. सर्व्हिस मोटारी देवीच्या भक्तांना घेऊन धुरळा उडवीत जात होत्या. मग अप्पांनी सडक सोडली आणि एका गाडीवाटेला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारीचं कोवळं रान, मध्येच तुरीचा पट्टा. निजामाच्या हद्दीपाशी नाक्यावरचा शिपाई बाजेवर बसला होता. अप्पांना पाहताच तो ओळखीचं हसून म्हणाला, "क्यूं अप्पा, मिला क्या तुम्हारा विलायत?"

"मिल गया, साब," अप्पा म्हणाले.

मी दचकलो. इतकी वर्षं 'सावली न्हाय', 'पानी न्हाय' ऐकत आलो होतो. ते सापडलं, आणि ते आम्हांला सांगितलंसुद्धा नाही! आता मला विचारायलाच हवं होतं. पुढे एका बाभळीखाली मी सायकल आडवी टाकली आणि म्हणालो, "अप्पा, मी इथून पुढे येत नाही. नीलव्वा आमच्याकडे येऊन रडली. ते लुगडं कुणाला दिलंत ते सांगा, मग येतो."

अप्पांनी हँडल घट्ट धरलं.

"रडली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चुकलंच माझं," ते म्हणाले, आणि तिथं उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते असं.

भरती होण्याआधी गिरणीत असताना त्यांच्या खोलीत बिरू नावाचा एक धनगराचा पोरगा राहत असे. गाव तुळजापूरच्या घाटाखालची एक वाडी. दोघं एका मागावर शिकले, एका ताटात जेवले आणि एकाच दिवशी अंगठा उठवून बोटीवर चढले. फ्रान्समध्ये बिरूला साथीचा ताप आला. त्याला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नेलं. मजुरांना छावणी सोडायची परवानगी नव्हती. छावणीजवळ एक म्हातारी मडम दूध विकायची. तिचा मुलगा लढाईत गेला होता आणि त्याची सायकल गोठ्यात टांगलेली होती. ती तिनं काढून दिली, आणि मोठ्या सडकेनं गेलं तर पकडतील म्हणून आडवा रस्ता बोटानं दाखवला.

"तिकडं उन्हाळ्यात संध्याकाळ लई लांब असती, मास्तर. काम सुटलं की रोज त्या रस्त्यानं जायचो. त्याच्यापाशी बसायचो आनि परत यायचो. बिरू म्हनायचा, कसा आलास रं? मग म्या त्याला रस्ता सांगायचो. पूल, झाडं, गाई. त्याला खाटंवरनं काय दिसत न्हवतं, तर सांगितल्यालं ऐकत पडायचा." अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग गेला. त्याच रस्त्याच्या वळनावर, भिंतीच्या आत, झाडाखाली पुरलं त्याला."

मी बाभळीच्या मुळावर बसलो.

"त्याची आई हाय हितं. बायजाक्का. परत आल्यावर म्या भेटाया गेलो. ती रडली न्हाय. म्हनाली, कुटं ठिवलाय त्याला? म्या रस्ता सांगितला. वर्साकाठी दोनदा-तीनदा जातो, दर येळंला तेच इचारती. आनि मोहरमच्या सुमारास म्हनाली, गुरशिद्या, माझं डोळं चाललं. तिकडं काय मला जाता येत न्हाय. तसा रस्ता हितं कुटं असंल तर बगून ठिव. एकदा त्या वाटंनं जाऊन येईन म्हनती. म्या आपल्यापुरता आधीपास्नंच हुडकत व्हतो, आता घाई झाली."

"हे नीलव्वाला का नाही सांगितलंत?"

"सांगाया गेलो की घसा धरतो. रस्त्याचं सांगतो तवा धरत न्हाय. लोक हसत्यात, ते बी बरं वाटतं. बिरूचं सांगितलं तर लोक अरेरे म्हनतील. मग म्या काय करू, सांगा की."

मी सायकल उचलली.

वाडी म्हणजे पाच-सहा झोपड्या आणि मेंढरं कोंडायचा एक वाडगा. बायजाक्का दारातच तयार होऊन बसली होती. चिमणीएवढी म्हातारी, नवं लुगडं नेसलेली. अजून त्यावरच्या घडीच्या रेघा गेल्या नव्हत्या. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं.

"ह्यो कोन रं, जवारीच्या कनगीएवढा?"

"मास्तर हायत. मागनं धराया आनलंय."

"बरं केलंस. म्या पडले तर ह्याच्यावर पडंन. लागायचं न्हाय."

आम्ही तिला अप्पांच्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं. घोंगडीची घडी खाली घातली. अप्पांनी हँडल धरलं, मी मागून एका हातानं सायकल आणि एका हातानं म्हातारी. माझ्या वजनाचा उपयोग आता मला कळला: चढावर सायकल मागे सरकू लागली की मी नुसता उभा राहायचो आणि ती थांबायची.

वाडीबाहेर एक ओढा होता, त्यावर दगडी फरशी टाकलेली. पाऊस नुकताच सरल्यामुळे खाली पाणी वाहत होतं.

"आय, ह्यो पूल," अप्पा म्हणाले.

"पानी हाय व्हय?"

"हाय की. ऐक."

म्हातारीनं मान वाकडी करून ऐकलं. मग डाव्या हाताला चढ लागला. घाटाची ही जुनी वाट; मोटारींनी सोडून दिलेली, आता एखादी बैलगाडी जाई तेवढीच. दोन्ही अंगांना कडुलिंब आणि आंबे. अप्पा ढकलत होते, धापा टाकत होते आणि सांगत होते. हे अक्रोड. ह्यो गोठा. तिथं गोठा नव्हता, एका पडक्या खोपटाच्या सावलीत दोन म्हशी बसल्या होत्या.

"गाई पांढऱ्या म्हनला हुतास," म्हातारी म्हणाली. "ह्या काळ्या दिसत्यात."

"तुझं डोळं गेलं, आय."

"इतकं न्हाय गेलं अजून," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "असू दे. दूध पांढरंच देत्यात."

लहानसा उतार आला. अप्पांनी एक पाय पायडलवर टाकला आणि सायकल सोडली. मी मागे पळत होतो. म्हातारीचा पदर उडाला आणि ती एकदम खुदकन हसली. नंतर पुन्हा चढ. चढाच्या शेवटी वाट वळली. वळणावर कुठल्या तरी जुन्या शेताची दगडी ताल, म्हणजे बांधाची भिंत, होती आणि तिच्या आत एक मोठा आंबा.

अप्पा थांबले. त्यांच्या पाठीवर सदरा चिकटला होता. म्हातारीनंच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली पाय सोडले.

"हितंच व्हय?"

अप्पांनी मान हलवली. मग तिला नीट दिसणार नाही म्हणून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हितंच, आय."

तिनं भिंतीला हात लावला. चाचपत चाचपत आत गेली. आंब्याच्या बुंध्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि खाली बसली. पदराच्या गाठीतून तिनं भाकरीचा चतकोर आणि भंडारा काढला. भंडारा मातीवर आणि दगडावर टाकला. पिवळाधमक.

"सावली बरी हाय," ती म्हणाली. "गारवा हाय. चांगल्या जागी ठिवलास रं त्याला." मग आम्ही तिथंच उभे आहोत हे जाणवून तिनं हात झटकला. "आता जावा तिकडं. आनि गुरशिद्या, पुढच्या येळंला बायकोला घेऊन ये. एवढी वर्सं झाली, मला सून दावली न्हाईस."

"आनतो," अप्पा म्हणाले. "तिला आनतोच."

आम्ही वळणाच्या अलीकडे येऊन उभे राहिलो. मागून म्हातारीचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. ती कुणाला तरी रागावत होती, मध्येच समजावत होती, मेंढरांची नावं सांगत होती. अप्पा वाटेच्या मधोमध, तिच्याकडे पाठ करून उभे होते.

खालून घुंगरं वाजू लागली. कडब्याची गाडी चढ चढून येत होती. अप्पा झपाझप पुढे गेले आणि गाडीसमोर हात जोडून उभे राहिले.

"काय झालं?" गाडीवान म्हणाला. "सायकल मोडली व्हय?"

"न्हाय. जरा थांबा की. आईचं नि लेकाचं बोलनं चाललंय."

गाडीवानानं जुवावरून मान उंच करून वळणाकडे बघितलं. भिंतीआड आंब्याखाली एकटी म्हातारी बसलेली त्याला दिसली असेल. त्यानं अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो खाली उतरला, चाकाला दगड लावला, दोन्ही बैलांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या गळ्यातली घुंगरं त्यानं दोन हातांच्या मुठींत धरून ठेवली.